दरोगाच्या गल्लीतून व्हॅनपर्यंत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्मृतीची शाळेची व्हॅन चार वेळा चुकली.

पहिल्या दिवशी मोजा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली राहिली म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत आली. तिसऱ्या दिवशी पोट दुखलं आणि व्हॅन निघून गेल्यावर बरोबर दहा मिनिटांनी थांबलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, आज व्हॅन आलीच नाही," आणि वाक्य संपायच्या आत आईचा फोन वाजला. पलीकडून व्हॅनवाला विचारत होता, "मैडम, बेबी आज भी नहीं आई? मैंने तो पाँच मिनट हॉर्न बजाया."

आईने फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून लेकीकडे पाहिलं. स्मृतीने लगेच पोटावर हात ठेवला.

"पोट नाही दुखत तिचं," खिडकीतून आवाज आला. "दरोगा दुखतोय."

खिडकीत शांताताई बसल्या होत्या. स्मृतीच्या आजोबांची, म्हणजे संभाजीरावांची, ही थोरली बहीण. वय एकोणऐंशी. तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होत्या. यजमान गेल्यावर शहराच्या लश्कर नावाच्या जुन्या भागात दोन खोल्यांत एकट्या राहत. ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि संभाजीरावांनी त्यांना हरिशंकरपुरमच्या आपल्या घरी आणलं. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीत, खिडकीशी खुर्ची टाकून बसत. तिथून सगळी गल्ली दिसे, आणि गल्लीत जे दिसे त्यातलं त्या काहीही सोडत नसत.

"आत्याबाई, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" आईने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. ही फाटकाबाहेर पडते, गल्लीत उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या गाडीमागे लपते, डोकावून बघते, आणि मग मागच्या गल्लीने पळत लांबचा फेरा घेते. तोवर व्हॅन जाते."

"मग सांगायचं नाही का?"

"रोज नवं कारण काय काढते ते ऐकायचं होतं मला. पोटदुखी फारच साधी होती हं, स्मृती. बाटलीचं बरं जमलं होतं."

स्मृतीने आत्याआजीकडे असं पाहिलं, जणू स्वतःच्या वर्गातल्या मुलीनेच बाईंकडे चुगली केली होती.

दरोगा हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या भदौरिया आंटींचा पक्षी होता. सगळे त्याला बत्तख म्हणत, पण साध्या बदकाच्या दुप्पट होता तो. पांढराशुभ्र, लांब मानेचा, डोक्यावर नारिंगी टेंगूळ. भदौरिया अंकलनी तो भिंडकडच्या गावाहून घराच्या राखणीला म्हणून आणला होता आणि नाव ठेवलं होतं दरोगा, म्हणजे फौजदार. कुत्रा भुंकला की शेजारी तक्रार करतात, बत्तख काय करणार, असं अंकलना वाटलं होतं. दिवाळीपासून तो फाटकाबाहेर बसायला लागला, आणि ज्याची चाल त्याला आवडणार नाही त्याच्यावर मान जमिनीसरशी लांब करून फुत्कारत धावून जायला लागला. डिसेंबरच्या शेवटी त्याने स्मृतीच्या स्कर्टचं टोक चोचीत धरून ओढलं होतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

न सांगण्याचं कारण आजोबा होते. संभाजीरावांना घरात सगळे आबासाहेब म्हणत. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इथे उत्तरेत आले होते, आणि आबासाहेब स्वतः जरी रेल्वेच्या कचेरीत टेबलामागे निवृत्त झाले असले, तरी घरात कुणी शिंकलं तरी ते पूर्वजांच्या लढायांपर्यंत जात. "आपल्या घराण्यात भीती हा शब्द नाही," हे वाक्य स्मृतीने बाराखडीच्या आधी ऐकलं होतं. अशा घरात बदकाला घाबरते म्हणून कसं सांगायचं?

आताही ते वाक्य आलंच. आबासाहेब वर्तमानपत्राची घडी करत उठले.

"बदक? आपल्या घराण्यातली मुलगी बदकाला घाबरते? चल माझ्याबरोबर. बघ कसं चालायचं असतं ते."

"संभाजी, तू नको जाऊस," शांताताई खिडकीतून म्हणाल्या.

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

आबासाहेबांनी कानटोपी चढवली, मिशीवरून हात फिरवला, नातीचा हात धरला आणि गल्लीच्या मधोमध निघाले. पांढऱ्या गाडीपर्यंत सगळं छान होतं. तिथे स्मृतीने हात सोडवून घेतला आणि गाडीमागे उभी राहिली. आबासाहेब एकटे पुढे गेले.

दरोगा उन्हात बसला होता. उठला. एक डोळा त्यांच्याकडे केला.

"हट्!" आबासाहेब म्हणाले.

दरोगाने पंख उघडले. बसलेला असतो तेव्हा पंख केवढे असतात ते कळत नाही. मान खाली घालून तो निघाला तो सरळ त्यांच्या पायजम्याकडे. आबासाहेबांनी काठी उगारली, मग खाली केली, मग वळले, आणि मग बहात्तर वर्षांच्या माणसाला पळता येईल त्याच्याहून बरेच जोरात पळाले. समोर भाजीवाल्याची हातगाडी उभी होती. पुढच्या क्षणी ते हातगाडीवर होते, फ्लॉवरच्या ढिगात, दोन्ही पाय वर घेऊन.

"बाबूजी! गोभी! मेरी गोभी!" भाजीवाला ओरडला.

"पहले इसको हटाओ!" आबासाहेब वरून ओरडले.

भदौरिया आंटी हातात झाडू घेऊन धावत आल्या. "दरोगाजी! अंदर! शर्म नहीं आती?" दरोगा रुबाबात फाटकात शिरला. खिडकीत शांताताई पदर तोंडात धरून हसत होत्या. स्मृती गाडीमागे उभी होती आणि हसावं की रडावं ते न कळून दोन्ही करत होती.

आबासाहेबांनी चार चेपलेले फ्लॉवर विकत घेतले आणि ते घेऊन घरी आले. त्या दिवशी आईनेच स्मृतीला स्कूटरवरून शाळेत सोडलं.

दुपारी स्मृती घरी आली तेव्हा आबासाहेब गच्चीवर उन्हात बसले होते. पायजम्याला मागून भोक पडलं होतं. ती शेजारी जाऊन बसली.

"मी घाबरलो," आबासाहेब म्हणाले.

"खरंच? तुम्ही पण?"

"पण कसलं? तुझ्यापेक्षा जास्त. तू निदान शहाण्यासारखी लपलीस. मी फ्लॉवरवर चढलो."

"पण आपल्या घराण्यात तर..."

"घराण्यात बदक नव्हतं कुणाकडे," आबासाहेब म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की खालून आईने हाक मारून विचारलं काय झालं म्हणून. हसता हसता स्मृतीने स्कर्टची गोष्ट सांगितली. तो कसा आला, कसं धरलं, तिला वाटलं आता पायच तोडणार. "मला रोज रात्री वाटायचं की सकाळ नको व्हायला. मला बहुत डर लगता है, आबासाहेब."

"मग हे तू आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना उत्तर कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

संध्याकाळी त्यांनी आपण होऊन बहिणीच्या खोलीत खुर्ची ओढली. "ताई, तुझ्या सासरी असली दोन बदकं होती ना? तू काय करायचीस?"

"आता विचारतोस? फ्लॉवर खाऊन झाल्यावर?" शांताताई सरसावून बसल्या. "हे बघ. तो आधी बघतो की तू पळतोस का. पळालास की संपलं. जागच्या जागी उभं राहायचं. दोन्ही हात असे पसरायचे, म्हणजे त्याला वाटतं हा तर माझ्याहून मोठा पक्षी. त्याच्याकडे बघत राहायचं, पाठ करायची नाही. काठी उगारायची नाही, मारायचं तर मुळीच नाही. आणि सावकाश, अगदी सावकाश, बाजूने निघून जायचं."

"आणि त्याने तरी चावलं तर?"

"तर चावलं. चिमटा बसतो जोराचा. मला तीनदा बसलाय. पाय शाबूत आहेत."

पण ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं, म्हणून तालीम ठरली. दरोगा कोण होणार हा प्रश्न आला तेव्हा आबासाहेबांनी पांढरा टॉवेल गळ्याला गुंडाळला. सहा वाजता स्मृतीचे वडील, दिग्विजयसिंह, इंदरगंजच्या कचेरीतून घरी आले. दार उघडून बघतात तर त्यांचे वडील बैठकीत उकिडवे बसून फुत्कार टाकत सोफ्याभोवती फिरताहेत, मुलगी हात पसरून उभी आहे, आणि आत्याबाई खुर्चीतून सूचना देताहेत, "मान आणखी खाली, संभाजी! तू बदक आहेस, हवालदार नाहीस!"

दिग्विजयसिंहांनी बायकोकडे पाहिलं. "हे काय चाललंय?"

"शाळेची तयारी," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

तीन दिवस तालीम झाली. टॉवेलच्या दरोगासमोर स्मृती आता मुळीच हलत नव्हती. खऱ्या दरोगासमोर मात्र ती पांढऱ्या गाडीपलीकडे जाऊ शकली नाही. आईचा हात धरूनही नाही; रोज आईलाच तिला स्कूटरवरून सोडावं लागे. आबासाहेब बरोबर यायला तयार होते, पण ते स्वतःच गाडीपर्यंत येऊन थांबत.

मग शनिवारी सकाळी ती आत्याआजीच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"तू चल माझ्याबरोबर. तुला येतं ना सगळं."

"मी? अगं, माझा गुडघा. डॉक्टर म्हणतात चाला, डॉक्टरांना काय जातं म्हणायला? दोन पावलं टाकली की ठणकतो."

स्मृतीने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली केला. "मग परवा आई बाजारात गेली होती, तेव्हा वरच्या फळीवरचा शेवेचा डबा कुणी काढला?"

शांताताईंनी बंद दाराकडे पाहिलं.

"मी स्वयंपाकघरामागच्या पाण्याच्या टाकीजवळून बघितलं. तू काठी पण नाही घेतली. भराभर गेलीस, डबा काढलास, मूठ भरलीस आणि भराभर परत. मी पण कुणाला नाही सांगितलं. मला बघायचं होतं तू काय कारण काढते."

मुख्याध्यापिकेच्या तीस वर्षांत शांताताईंना कुणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. आधी त्यांना राग आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही ओसरलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"गुडघा नाही दुखत आता," त्या म्हणाल्या. "पडायची भीती वाटते. त्या दिवशी मी पडले ना, तर दोन तास तिथेच होते. हाका मारत होते, कुणाला ऐकू जात नव्हतं. घरात भिंत असते धरायला, दाराची चौकट असते. रस्त्यावर काय धरू?"

"मला धर," स्मृती म्हणाली.

"तू दरोगा दिसला की पळशील."

"मी तुला धरलं असेल तर कशी पळू?"

शांताताईंनी यावर बराच विचार केला. मुद्दा बिनतोड होता. घरात कुणाला सांगायचं नाही या अटीवर त्या कबूल झाल्या.

त्याच दुपारी, आबासाहेब झोपले आणि आई शिकवणीला गेली तेव्हा, दोघी निघाल्या. उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून शांताताई थांबल्या. त्यांनी स्मृतीचा खांदा घट्ट धरला.

"आज फाटकापर्यंत," स्मृती म्हणाली. "घाई नाही. पाय उचल, ठेव. आता दुसरा. शाब्बास."

"मला शाब्बास म्हणू नकोस. ते मी म्हणायचं असतं."

फाटकापर्यंत अकरा पावलं झाली. रविवारी पांढऱ्या गाडीपर्यंत. सोमवारी दुपारी गाडीपलीकडे दोन घरं. तिथून दरोगा दिसत होता, आणि दरोगालाही त्या दिसत होत्या. दोघींनी तिथेच उभं राहून दहापर्यंत आकडे मोजले आणि परत आल्या. खांद्यावरचा हात नक्की कुणाला आधार देत होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी स्मृतीने दप्तर पाठीला लावलं आणि शांताताईंनी शाल पांघरून काठी घेतली, तेव्हा घरातलं गुपित फुटलं. आईच्या हातातलं पोळीचं उलथनं तसंच राहिलं. आबासाहेब काहीतरी बोलणार होते, पण सुनेने मान हलवून गप्प राहा म्हणून सांगितलं. मग दिग्विजयसिंहांसकट तिघंही खिडकीशी जमली.

दाट धुकं होतं. भदौरियांच्या फाटकाजवळ आल्यावर आधी फुत्कार ऐकू आला आणि मग धुक्यातून पांढरी मान बाहेर आली.

"उभी राहा," शांताताई म्हणाल्या.

स्मृती उभी राहिली. तिच्या पायांना मागे जायचं होतं, पण खांद्यावर आत्याआजीचा भार होता, आणि भार सोडून पळता येत नाही. दरोगा धावत आला. शांताताईंनी काठी स्मृतीच्या हातात दिली आणि शालीची दोन्ही टोकं धरून हात पसरले. त्या एवढ्या मोठ्या दिसायला लागल्या की स्मृतीलाही दचकायला झालं. दरोगा दोन हातांवर येऊन थांबला.

"मागे हो!" शांताताईंनी प्रार्थनेला उशिरा आलेल्या वर्गाला दटावावं तसं दटावलं. "निमूटपणे बाजूला हो! ही काय वागण्याची रीत झाली?"

दरोगाने मान वाकडी केली. फुत्कारला. हलला नाही.

"आत्याआजी," स्मृती पुटपुटली, "त्याला मराठी नाही समजत."

"मग तू बोल."

काठी काखेत धरून स्मृतीनेही हात पसरले. आवाज एकदम मोठा आला. "दरोगाजी! हट जाओ! हमारी वैन छूट रही है! कितने दिन से आपकी वजह से छूट रही है!"

बाहेर आलेल्या भदौरिया आंटी फाटकातच थबकल्या. दरोगाने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पंख मिटले, शेपटी हलवली, आणि आपल्याला दुसरीकडे काम आहे अशा थाटात नालीकडे वळला. दोघी त्याच्याकडे तोंड करून, हात पसरलेले तसेच ठेवून, खेकड्यासारख्या बाजूबाजूने पुढे सरकल्या. कोपऱ्यावर व्हॅन उभी होती. सगळी मुलं खिडक्यांतून डोकी बाहेर काढून बघत होती.

"ये क्या डान्स है, स्मृती?" एकाने विचारलं.

"तुम्हें नहीं आएगा," स्मृती म्हणाली आणि चढली.

शांताताईंना परत न्यायला आबासाहेब आले, लांबच्या गल्लीने फेरा घेऊन.

पुढच्या आठवड्यात भदौरिया आंटी लाजत लाजत लाडूचा डबा घेऊन आल्या. "दीदी, क्या बताऊँ. दरोगाजी ने अंडा दिया है."

शांताताईंना ठसका लागला. आबासाहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. म्हणजे बहात्तराव्या वर्षी ते एका बाईमाणसाला घाबरून हातगाडीवर चढले होते. "आई होणार होती बिचारी," ते वर्तमानपत्रामागून म्हणाले. "म्हणून चिडत असणार." नाव बदलून दरोगाइन झालं, स्वभाव मात्र बदलला नाही. अंड्यावर बसायला लागल्यापासून ती आणखीच तापट झाली. स्मृतीला एकदा पिंढरीवर चिमटा बसला. निळा डाग पडला. तिने तो शाळेत सगळ्यांना दाखवला.

रोज दोघी मिळून कोपऱ्यापर्यंत जात. महिनाअखेर आली. एका गुरुवारी स्मृती दप्तर लावून तयार झाली, तर खुर्ची रिकामी. काठीही नव्हती.

"आई, आत्याआजी कुठे गेली?"

"न्हाणीघरात असतील."

न्हाणीघरात नव्हत्या. गच्चीवर नव्हत्या. कोपऱ्यावर हॉर्न वाजला. आई आणि आबासाहेब खोल्या धुंडाळत होते, आणि स्मृती फाटकाशी उभी होती. पुन्हा हॉर्न वाजला. तिने गल्लीत पाहिलं. दरोगाइन जागेवर होती. खांद्यावर आज कुणाचा हात नव्हता. तिने दप्तराचे पट्टे घट्ट ओढले आणि निघाली. पांढरी गाडी मागे पडली. दरोगाइन उठली. स्मृती थांबली, हात पसरले. "मी आहे," ती म्हणाली. "रोजची." मग एकेक पाऊल, बाजूबाजूने, कोपऱ्यापर्यंत. व्हॅनमध्ये बसल्यावर तिला हुडहुडी भरली आणि मग एकदम भूक लागली. पहिल्या तासालाच तिने अर्धा डबा संपवला.

इकडे घरात एकच धांदल उडाली होती. दिग्विजयसिंह कचेरीतून अर्ध्या रजेवर आले. आबासाहेबांनी दोन नातेवाइकांना फोन केले आणि तिसऱ्याला लावत होते, तेव्हा साडेबाराला फाटकाशी ई-रिक्षा थांबली. आधी काठी उतरली, मग शांताताई.

"ताई! कुठे होतीस तू? जीव टांगणीला लावलास आमचा!"

"टोपी बाजारात. माझी मैत्रीण मंदा राहते ना तिथे गल्लीत, तिच्याकडे चहा घेतला. ऑगस्टपासून तिचं तोंड पाहिलं नव्हतं."

"एकटी? सांगून जायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू बरोबर आला असतास," शांताताई म्हणाल्या. "मग मी गेले असं कसं झालं असतं?" त्या खुर्चीत बसल्या. चेहरा दमलेला होता, डोळे चमकत होते. "नाल्याजवळ एकदा वाटलं, आता पडते. तिथे एक खांब होता, तो धरला. मग थोड्या वेळाने सोडला. पोरगी गेली का व्हॅनला?"

"गेली," आई म्हणाली. "एकटी."

शांताताईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

दोन वाजता स्मृती दारातूनच ओरडत आली, "आत्याआजी, तू चीटिंग केली! मला न सांगता!" आणि मग ती एकटी कशी गेली ते सांगायला तिने दप्तरही उतरवलं नाही. सांगून झाल्यावर शांताताईंनी टोपी बाजाराची हकिकत सुरू केली. खांबाशी आल्यावर स्मृतीने त्यांना थांबवलं.

"किती वेळ धरला होता?"

"दहापर्यंत मोजले."

"शाब्बास," स्मृती म्हणाली, आणि या वेळी शांताताईंनी तिला अडवलं नाही.